‘गेमिंग मदरबोर्ड’ म्हणजे नक्की काय? लाईटिंगला भुलण्याआधी या ८ गोष्टी तपासा

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला माझ्या चुलतभावाचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. एका मदरबोर्डचा फोटो. चारी बाजूंनी रंगीत लाईट, वर लोखंडी चिलखतासारखं डिझाईन आणि मधोमध मोठ्या अक्षरांत ‘गेमिंग’. खाली लिहिलेलं, “दादा, लय भारी दिसायलंय. घेऊन टाकू का?”

आमचं गाव साखरा, हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात. भाऊ बारावीनंतर एका फोटोग्राफरकडे लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला शिकलाय. आतापर्यंत सगळं मोबाईलवर आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चाललं होतं. आता त्याला स्वतःचा पीसी पाहिजे. दिवसा एडिटिंग, रात्री गेम. पैसे काकांनी सोयाबीन विकून दिलेत, आणि देताना एकच प्रश्न विचारला: “दोन वर्षांत भंगार तर होणार नाही ना?”

मला वाटतं, मदरबोर्ड घेताना विचारायचा खरा प्रश्न हाच आहे. म्हणून भावाला जे फोनवर दोन तास समजावलं, तेच आज तुम्हाला व्यवस्थित सांगतो.

मोबाईलवाल्यांनी आधी हे समजून घ्या

तुमच्या मोबाईलमध्येही मदरबोर्ड असतो. पण त्यावर प्रोसेसर, रॅम, स्टोरेज सगळं कंपनीनेच कायमचं चिकटवून दिलेलं असतं. ६ जीबी रॅमचा फोन घेतला की तो शेवटपर्यंत ६ जीबीचाच. त्यामुळे मोबाईल घेताना बोर्डचा विचार कुणी करत नाही.

पीसीत उलटं आहे. प्रोसेसर वेगळा, रॅम वेगळी, ग्राफिक्स कार्ड वेगळं, आणि या सगळ्यांना जोडणारा, वीज पुरवणारा मदरबोर्ड. पुढे काय काय बदलता येईल हे तोच ठरवतो.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो: महाग मदरबोर्ड घेतला म्हणून गेममध्ये जास्त एफपीएस मिळत नाहीत. एफपीएस देतात ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर. चांगल्या बोर्डचं काम एवढंच की त्यांना आपलं काम पूर्ण ताकदीने, वर्षानुवर्षं करू द्यायचं. वाईट बोर्ड मात्र चांगल्या प्रोसेसरचेही एफपीएस खाऊ शकतो. हे मी स्वतः भोगलंय.

माझी चूक

२०२२ च्या दिवाळीत मी पहिला पीसी जोडला. रायझेन ५ ५६०० प्रोसेसर आणि ऑनलाईन सगळ्यात स्वस्त मिळाला तो बी४५० बोर्ड. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. दोन रात्री रॅम काढ-घाल केली, काही फरक नाही. शेवटी बोर्ड पिशवीत घालून एसटीने शहरातल्या दुकानात नेला. दुकानदाराने जुना प्रोसेसर बसवून बायोस अपडेट केलं आणि पाच मिनिटांत स्क्रीन आली. बोर्डमध्ये बिघाड नव्हताच. बोर्ड आला होता जुन्या बायोसवर, आणि माझा प्रोसेसर त्याच्यापेक्षा नवा होता.

दुसरा फटका नंतर बसला. मी त्याच बोर्डवर आठ कोअरचा रायझेन ७ ५८००एक्स टाकला. हिवाळ्यात ठीक चाललं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत गेम सुरू केला की वीस मिनिटांनी सगळं अडखळायचं. आधी ग्राफिक्स कार्डवर संशय घेतला, मग गेमवर. खरं कारण प्रोसेसरच्या शेजारी होतं: वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंकच नव्हता. तो भाग तापला की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली ओढायचा. मोबाईल तापल्यावर बीजीएमआय अडकतं ना, तसंच.

या दोन्ही चुका बोर्डचा फोटो आणि माहितीचं पान नीट बघितलं असतं तर टळल्या असत्या. चला तर मग, काय बघायचं ते एकेक करून पाहू.

१. सॉकेट आणि चिपसेट: नाव वाचायला शिका

प्रोसेसर ज्या चौकोनात बसतो तो सॉकेट. सॉकेट जुळला नाही तर प्रोसेसर बसतच नाही. एएमडीचा जुना, अजूनही खूप वापरात असलेला सॉकेट म्हणजे एएम४. यात १३३१ पिना असतात आणि त्या प्रोसेसरच्या खालच्या बाजूला असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ मध्ये १७१८ संपर्कबिंदू आहेत आणि नाजूक पिना बोर्डवर आहेत. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीसाठी एलजीए १७०० सॉकेट.

बोर्डच्या नावातलं बी५५०, ए५२०, बी६५० हे चिपसेटचं नाव. एएमडीत ‘ए’ म्हणजे साधा, ‘बी’ म्हणजे मधला, ‘एक्स’ म्हणजे वरचा, असं ढोबळमानाने धरा. ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येत नाही आणि पीसीआयई ४.० मिळत नाही. जून २०२० मध्ये आलेल्या बी५५० वर दोन्ही मिळतं.

भावाने पाठवलेल्या त्या चमकत्या बोर्डचं पूर्ण नाव वाचलं तर आत चिपसेट निघाला ए५२०. म्हणजे वरून पैलवान, आतून साधा.

पुढचा विचार करायचा तर एएम५ चांगला. एएमडीने हा सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं जाहीर केलंय. पण एएम५ वर फक्त डीडीआर५ रॅम चालते, त्यामुळे एकूण खर्च वाढतो. बजेट घट्ट असेल तर एएम४ अजूनही चालण्यासारखा आहे, फक्त त्याचा पुढचा रस्ता संपत आलाय हे माहीत असू द्या.

२. व्हीआरएम: बोर्डची खरी ताकद इथे असते

हा भाग नीट वाचा, कारण जाहिरातीत याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

एसएमपीएसमधून बोर्डला १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात साधारण १ ते १.४ व्होल्ट. हे १२ चे सव्वा-एक व्होल्ट करणारी यंत्रणा म्हणजे व्हीआरएम. आता साधं गणित करू. ५८००एक्ससारखा १०५ वॅटचा म्हणून विकला जाणारा एएम४ प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. १४२ ला १.२ व्होल्टने भागा, उत्तर येतं जवळपास ११८ अँपियर. घरात हीटर लावायचा मोठा प्लग असतो तो १६ अँपियरचा. त्याच्या सातपट करंट तुमच्या बोर्डच्या एका कोपऱ्यातून वाहतो!

म्हणून हे काम एकट्याला न देता वाटून देतात. मोंढ्यात ट्रक भरताना बघा. दोनच हमाल असले तर तासाभरात दमतात, आठ असले तर तेवढीच पोती आरामात चढतात. बोर्डवर या हमालांना फेज म्हणतात. ‘८+२’ असं लिहिलेलं दिसतं त्यात ८ प्रोसेसरच्या कोअरसाठी आणि २ प्रोसेसरमधल्या बाकीच्या भागांसाठी.

पण नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. कंपन्या कधी ‘फेज’ म्हणतात, कधी ‘पॉवर स्टेज’. काही बोर्डांवर दोन पॉवर स्टेज मिळून एकच फेज चालवतात. त्यात वाईट काही नाही, करंट वाटलाच जातो, पण दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करता येत नाही. एक पॉवर स्टेज किती अँपियर झेलते हेही बघा.

तुम्हाला किती पाहिजे? रायझेन ५ ५६०० ची कमाल मर्यादा ७६ वॅट आहे. त्याला मध्यम व्हीआरएम पुष्कळ झाला. आठ कोअर किंवा जास्तीचा प्रोसेसर आज नाही तर उद्या टाकायचा असेल, तर इथे काटकसर करू नका.

३. हीटसिंक: आपल्या उन्हाळ्याचा हिशोब धरा

परदेशातले रिव्ह्यू २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. मराठवाड्यात मे महिन्यात बाहेर ४० च्या वर असतं, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. म्हणजे आपल्या बोर्डची सुरुवातच त्यांच्यापेक्षा वीस अंश वरून होते.

फोटोत प्रोसेसरच्या डाव्या आणि वरच्या बाजूला बघा. धातूचे जाड, खाचा पाडलेले ठोकळे असले तर ते खरे हीटसिंक. स्वस्त बोर्डांवर एका बाजूला ठोकळा आणि दुसरी बाजू उघडी, असंही असतं. काही बोर्डांवर मागच्या पोर्टांवर मोठं झाकण असतं, ते प्लास्टिकचं असेल तर फक्त दिसायला. धातूचा पृष्ठभाग जितका जास्त आणि त्यात हवा जायला खाचा जितक्या जास्त, तितकं चांगलं.

उष्णता फक्त एफपीएस खात नाही, आयुष्यही खाते. कॅपॅसिटरबद्दल इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ढोबळ नियम आहे: तापमान १० अंशांनी कमी केलं की आयुष्य साधारण दुप्पट. काकांच्या ‘दोन वर्षांत भंगार’ या भीतीचं अर्धं उत्तर इथेच आहे.

४. स्लॉट: रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी

रॅमचे चार स्लॉट असतील तर आज ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या टाकून नंतर वाढवता येतात. दोनच स्लॉट असतील तर वाढवताना जुन्या पट्ट्या काढाव्या लागतात. एक १६ जीबीची पट्टी घेण्यापेक्षा दोन ८ जीबीच्या घ्या, म्हणजे ड्युअल चॅनल चालतं. ३२०० च्या डीडीआर४ रॅमला एका चॅनलवर सेकंदाला २५.६ जीबी वेग मिळतो, दोनवर ५१.२. चार स्लॉट असतील तर पट्ट्या बहुतेक वेळा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा डीओसीपी चालू करा. नाहीतर ३२०० ची रॅम घेऊन ती कमी वेगाने चालवत बसाल.

ग्राफिक्स कार्डचा लांब स्लॉट म्हणजे पीसीआयई एक्स१६. इथे बजेटवाल्यांसाठी एक सापळा आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड १६ पैकी फक्त ४ लेन वापरतं. पीसीआयई ४.० वर ते ठीक चालतं, पण ३.० च्या बोर्डवर अनेक गेममध्ये त्याचे एफपीएस चांगलेच पडतात. म्हणजे असं कार्ड आणि ए५२० ही जोडी जमवू नका.

दुसरा सापळा त्याहून बारीक. बोर्ड बी५५० असला तरी रायझेन ५ ५५०० आणि ५६००जी हे प्रोसेसर स्वतःच पीसीआयई ३.० वाले आहेत. बोर्ड ४.० चा, पण प्रोसेसर ३.० चा, तर चालणार ३.० च. रायझेन ५ ५६०० मात्र ४.० देतो. नावात फरक थोडासाच आहे, कामात मोठा.

एसएसडीसाठी एम.२ स्लॉट बघा. साधी साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वेग देते, पीसीआयई ३.० ची एनव्हीएमई ३५०० च्या आसपास, आणि ४.० ची ७००० पर्यंत. गेम खेळायला ३.० भरपूर झाली. पण व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर दोन एम.२ स्लॉट असलेला बोर्ड घ्या, एकावर विंडोज आणि एकावर फुटेज. काही बोर्डांवर दुसरा एम.२ वापरला की दोन साटा पोर्ट बंद पडतात, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

५. मागचे पोर्ट: एचडीएमआयवरून होणारा गोंधळ

नवीन पीसी जोडणाऱ्यांची नेहमीची तक्रार: “सगळं जोडलं, पण स्क्रीनच येईना.” केबल कुठे लावली विचारलं की उत्तर येतं, मदरबोर्डच्या एचडीएमआयला. मित्रांनो, बोर्डवरचा एचडीएमआय तेव्हाच चालतो जेव्हा प्रोसेसरच्या आत ग्राफिक्स असतं. ५६०० आणि ५५०० मध्ये ते नाही. केबल ग्राफिक्स कार्डला लावा.

आता इंटरनेट. जाहिरातीत २.५ गिगाबिट लॅन मोठ्या अक्षरात लिहितात. पण गावात ब्रॉडबँडची वायर घरापर्यंत आलीच नसेल तर त्याचा काय उपयोग? साखऱ्यात भाऊ मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवतो. त्याच्यासाठी लॅनच्या वेगापेक्षा बोर्डवरच वाय-फाय असणं महत्त्वाचं. वाय-फाय नसलेला बोर्ड घेतलाच असेल तर घाबरू नका. मोबाईल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, नेट चालतं आणि फोनही चार्ज होतो.

६. बायोस फ्लॅशबॅक आणि चार छोटे दिवे

माझ्या काळ्या स्क्रीनची गोष्ट आठवते ना? त्यावर उपाय म्हणजे बायोस फ्लॅशबॅक. ही सोय असलेल्या बोर्डवर प्रोसेसर किंवा रॅम न लावताही बायोस अपडेट होतं. फाईल पेनड्राईव्हमध्ये टाकायची, ठरलेल्या यूएसबी पोर्टला लावायची, बोर्डला वीज द्यायची आणि बटण दाबायचं. शहरात दुकान शेजारी असेल तर ही चैन वाटेल. खेड्यात एसटीच्या दोन फेऱ्या वाचतात.

बायोस ही एकदा करून विसरायची गोष्ट नाही. एप्रिल २०२३ मध्ये काही लोकांचे रायझेन ७०००एक्स३डी प्रोसेसर आणि सोबत सॉकेट जळाल्याच्या बातम्या जगभर आल्या. त्यानंतर बोर्ड कंपन्यांनी नवीन बायोस देऊन प्रोसेसरच्या एसओसी भागाच्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे क्रॅश होऊ लागले. तिथेही उपाय बायोसमधूनच आला. म्हणून बोर्ड निवडताना कंपनीच्या साईटवर त्या मॉडेलचं शेवटचं बायोस कधीचं आहे ते बघा. वर्षानुवर्षं अपडेट नसेल तर सावध व्हा.

दुसरी छोटी पण सोन्यासारखी सोय म्हणजे डीबग एलईडी. बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे: सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. पीसी सुरू झाला नाही तर ज्या भागात अडचण आहे त्याचा दिवा पेटून राहतो. आरजीबीचे पन्नास दिवे नसले तरी चालतील, हे चार असू द्या.

७. आकार, मांडणी आणि दिसणं

एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. एकच ग्राफिक्स कार्ड आणि दोन एसएसडी लावायच्या असतील तर मायक्रो एटीएक्स पुरतो, आणि सहसा स्वस्तही पडतो.

मांडणी म्हणजे काय कुठे आहे. ग्राफिक्स कार्ड जाड असेल तर त्याच्याखाली कोणता स्लॉट झाकला जातो? एम.२ चा स्लॉट कार्डखाली असेल तर एसएसडी बदलताना दरवेळी कार्ड काढावं लागेल. पंख्यांच्या पिना पुरेशा आहेत का? आपल्याकडं धूळ आणि ऊन दोन्ही, त्यामुळे पंखे कमी पडून चालत नाहीत.

लाईटिंग आवडत असेल तर जरूर घ्या, त्यात चूक काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा: ३ पिनांचा एआरजीबी ५ व्होल्टवर चालतो आणि ४ पिनांचा साधा आरजीबी १२ व्होल्टवर. ५ व्होल्टची पट्टी जबरदस्तीने १२ व्होल्टला लावली तर ती जळते.

८. सर्व्हिस, बिल आणि वीज

विकत घेण्याआधी विचारा: वॉरंटी किती वर्षांची आणि सर्व्हिस सेंटर कुठे? बोर्ड बंद पडला तर तो कोण पाठवणार, कुरिअरचा खर्च कोणाचा? जीएसटी बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर टाकून घ्या. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. एएम५ किंवा इंटेलचा बोर्ड असेल तर सॉकेटमधल्या पिनांचा जवळून फोटो काढून ठेवा. वाकलेल्या पिनांवरून वॉरंटी नाकारली जाऊ शकते, आणि त्या आधीपासून वाकलेल्या होत्या हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

चांगला एसएमपीएस आणि यूपीएस हेही बोर्डचंच रक्षण आहे. बायोस अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. जून महिन्यात विजा कडाडू लागल्या की पीसी नुसता बंद करू नका, प्लग काढून ठेवा. आणि अर्थिंग खरंच आहे का, एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

एक खरा बोर्ड तपासून बघू

आता हे सगळं एका बोर्डवर लावून बघू. उदाहरण घेऊ असूसच्या टफ गेमिंग बी५५०एम-प्लस वाय-फायचं. नावात ‘गेमिंग’ आहे, मग आत काय आहे?

सॉकेट एएम४, चिपसेट बी५५०, आकार मायक्रो एटीएक्स. कंपनी ८+२ पॉवर स्टेज सांगते, आणि व्हीआरएमवर धातूचे हीटसिंक आहेत. ५६०० सारख्या प्रोसेसरला हे पुरून उरतं, आठ कोअरचा प्रोसेसरही झेपतो. रॅमचे चार स्लॉट, १२८ जीबीपर्यंत. एम.२ चे दोन स्लॉट, एक पीसीआयई ४.० आणि दुसरा ३.०. म्हणजे वेगवान एसएसडी पहिल्यातच लावायची. बायोस फ्लॅशबॅक आहे. वाय-फाय ६ आहे, २.५ गिगाबिट लॅनही आहे. लाईट थोडीच, कडेला.

उणं काय? सॉकेट एएम४ असल्यामुळे पुढच्या पिढीचा प्रोसेसर यावर बसणार नाही. दुसरा एम.२ अर्ध्या वेगाचा. आणि २.५ गिगाबिट लॅनचे पैसे आपण देतो, पण गावात तो वापरला जात नाही.

माझं मत: इथे ‘गेमिंग’ हा शब्द बऱ्यापैकी खरा आहे, कारण पैसे व्हीआरएम, हीटसिंक आणि फ्लॅशबॅकवर गेलेत. पण म्हणून हाच घ्या असं मी म्हणत नाही. असूस, एमएसआय, गिगाबाइट, एएसरॉक, सगळ्यांकडे चांगले बोर्ड आहेत आणि ‘गेमिंग’ लिहिलेले पोकळ बोर्डही बाजारात मिळतात. ब्रँड बघून नाही, मॉडेल बघून ठरवा.

भावाने शेवटी काय केलं?

आधी रुसला. “दादा, तू सांगतोस त्याच्यात लाईटच नाही.” मग आम्ही दोन्ही बोर्डांची पानं शेजारी-शेजारी उघडून वरच्या आठही गोष्टी एका वहीत लिहिल्या. चमकत्या बोर्डला ए५२० चिपसेट, व्हीआरएमच्या एकाच बाजूला हीटसिंक, फ्लॅशबॅक नाही, वाय-फाय नाही. त्याने स्वतःच वही मिटली.

शेवटी वाय-फाय, फ्लॅशबॅक आणि डीबग एलईडी असलेला बी५५० चा साधा काळा मायक्रो एटीएक्स बोर्ड घेतला. थोडा महाग पडला. पण आरजीबी पंख्यांचं काचेचं कॅबिनेट रद्द करून पुढून जाळी असलेलं घेतलं, फरक तिथेच निघाला.

जोडणीच्या रात्री पीसी सुरू झाला नाही. व्हिडिओ कॉलवर भावाचा चेहरा पडलेला, मागे काका उभे. मी म्हटलं, “कोणता दिवा पेटलाय?” डीरॅमचा. रॅमची एक पट्टी पूर्ण बसलीच नव्हती. काढून नीट दाबली, दोन्ही बाजूंनी ‘टक’ आवाज आला आणि स्क्रीन उजळली. तीन वर्षांपूर्वी याच कामासाठी मी बोर्ड पिशवीत घालून एसटीत बसलो होतो.

काकांनी तेव्हाही विचारलंच, “मग किती वर्षं चालंल?” मी खरं तेच सांगितलं: “गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. पण उन्हाळा सोसायची सोय केलीय, रॅम वाढवायला जागा ठेवलीय, आणि बिघडलं तर काय बिघडलं ते घरबसल्या कळंल.” काका म्हणाले, “मग ठीक आहे.” दुसऱ्या दिवशी भावाने पहिला लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला. गेम नंतर, आधी एक्सपोर्ट, ही काकांची अट होती.

तुम्हीही बोर्ड घेणार असाल तर एक वही घ्या आणि आठ ओळी लिहा: सॉकेट-चिपसेट, व्हीआरएम, हीटसिंक, स्लॉट, पोर्ट-वाय-फाय, बायोस-डीबग दिवे, आकार-मांडणी, सर्व्हिस-वीज. प्रत्येक बोर्डसमोर खूण करा. आठपैकी कमीत कमी सहा ठिकाणी समाधान झालं, तर मग खुशाल लाईटिंग बघा.

हा लेख पीसी घ्यायचा विचार करणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा. पुढच्या लेखात आपण एसएमपीएस आणि यूपीएस किती वॅटचा घ्यायचा, त्याचं गणित बघू.